मैदान गावाचे, संघ मालकाचा



घरमालक बलाढ्य आणि भाडेकरू दुबळा, ही आपली जुनी समजूत आहे. आणि ज्याने चाळीत आयुष्य काढले त्याची ती असणे साहजिकच आहे. आज ज्या भाडेकराराची हकीकत मी सांगणार आहे, तीत हे नाते उलटे झालेले दिसेल. तेथे घरमालक म्हणजे अमेरिकेतले सेंट लुईस हे शहर आणि भाडेकरू म्हणजे फुटबॉलचा एक संघ. भाडे नाममात्र, घर बांधायचे घरमालकाने, त्याची निगा राखायची घरमालकाने, आणि इतके करून भाडेकरू निघून गेला तेव्हा घराच्या कर्जाचे हप्ते घरमालकाच्या डोक्यावर तसेच उभे होते. हे कसे घडले, कोणत्या कलमामुळे घडले आणि त्यातून काय शिकायचे, एवढाच आजचा विषय आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने खेळाच्या मैदानात कशाला शिरावे, असे कोणी विचारील. माझे शालेय शिक्षण बेताचे. इंग्रजी वाचायला मी युनियनच्या कचेरीत शिकलो आणि माझी पहिली क्रमिक पुस्तके म्हणजे मालकाशी झालेले करारनामे. पगाराचा आकडा सगळे वाचतात, पण कराराचा जीव बहुधा मागच्या पानावरच्या बारीक कलमात असतो, हे मला त्या कचेरीने शिकवले. सेंट लुईसचा करार हा त्या धड्याचा इतका ठळक नमुना आहे की तो आपल्यापुढे मांडावासा वाटला.

प्रथम त्या धंद्याची थोडी ओळख करून घेऊ. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून अंगाला अंग भिडवत पुढे सरकण्याचा तो खेळ आहे. त्याच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक मंडळाचे नाव नॅशनल फुटबॉल लीग. आज या लीगमध्ये ३२ संघ आहेत. एकाचा अपवाद सोडला तर प्रत्येक संघ खासगी मालकीचा आहे. नवा संघ काढायचा की नाही, असलेला संघ एका गावातून दुसऱ्या गावी जाऊ द्यायचा की नाही, हे संघांचे मालकच एकत्र बसून मतदानाने ठरवतात. म्हणजे संघ मोजके आणि संघ हवा असलेली शहरे पुष्कळ. गिरणीच्या दाराबाहेर बेकारांची रांग उभी असली की आतल्या मजुराचा भाव पडतो, हे आपण जाणतो. येथे शहरांची रांग उभी आहे. ‘तुम्ही नवे मैदान बांधले नाही तर दुसरे शहर बांधायला बसले आहे,’ एवढे मालकाने सुचवले की नगरपालिकेचे हातपाय गळतात. लॉस एंजेलिससारख्या अवाढव्य शहरात १९९५ पासून २०१५ पर्यंत लीगचा एकही संघ नव्हता. ते शहर रिकामे राहिल्याने लीगचे फार बिघडले नाही. उलट इतर गावांना धाक घालायला ती रिकामी जागा मालकांच्या वर्षानुवर्षे उपयोगी पडली.

आता मालकाला नवे मैदान इतके का हवे असते? त्याचे कारण पैशाच्या वाटणीत आहे. दूरदर्शनवरून सामने दाखवण्याचे हक्क सर्व संघांनी मिळून विकावेत, अशी मोकळीक अमेरिकेच्या संसदेने १९६१ च्या कायद्याने दिली. लीगच्या या देशव्यापी हक्कांचे पैसे सर्व संघांत सारखे वाटले जातात. प्रेक्षकांच्या साध्या तिकिटांच्या उत्पन्नातही पाहुण्या संघांचा वाटा असतो. परंतु मैदानात धनिकांसाठी जे काचबंद खास कक्ष असतात, त्यांच्या जादा भाड्याचा मोठा भाग यजमान संघाच्या मालकाकडेच राहतो. वाटून घ्यावा लागणारा पैसा सर्वांचा सारखा आहे. न वाटता खिशात घालण्याचा पैसा खास कक्षांतून येतो. म्हणून वीस वर्षांचे धडधाकट मैदान मालकाला जुनेपुराणे वाटू लागते. ते गळत नसते की पडत नसते, त्यात खास कक्ष कमी असतात इतकेच.

दुसरी एक गोष्ट कराच्या कायद्याची. अमेरिकेत नगरपालिका जे कर्जरोखे काढते त्यांच्या व्याजावर केंद्राचा प्राप्तिकर लागत नाही, म्हणून ते कर्ज स्वस्त पडते. खासगी मालकाच्या मैदानासाठी या सवलतीचा दुरुपयोग होऊ नये, म्हणून १९८६ च्या कायद्याने अट घातली. साध्या भाषेत सांगायचे तर, मैदानाचा वापर मुख्यतः खासगी संघ करीत असेल, तर कर्जफेडीचा एक दशांशाहून अधिक भाग मैदानाच्या उत्पन्नातून येता कामा नये. आला तर करमाफी गेली. हेतू असा की शहरांनी असल्या भानगडीत पडू नये. झाले उलटेच. स्वस्त कर्ज हातचे जाऊ नये म्हणून शहरांनी संघाकडून भाडेच थोडके घ्यायला आणि कर्ज सर्वसामान्य करांतून फेडायला सुरुवात केली. भोक बुजवायला ठोकलेल्या पाचरीने भांडेच तडकावे, तसे झाले.

आता सेंट लुईसकडे येऊ. मिसिसिपी नदीच्या काठचे हे जुने औद्योगिक शहर. तेथे कार्डिनल्स नावाचा फुटबॉल संघ होता. त्याच्या मालकाला नवे मैदान हवे होते. ते मिळेना म्हणून १९८८ साली तो संघ ॲरिझोनात गेला. शहराला हे लागले. दुसरा संघ मिळवायचाच, असे पुढाऱ्यांच्या मनाने घेतले आणि संघ मिळण्याची खात्री नसताना त्यांनी छपरासह भव्य मैदान बांधायला घेतले. कर्जफेड आणि निगा यांसाठी दरवर्षी २ कोटी ४० लाख डॉलर लागणार होते. त्यांपैकी १ कोटी २० लाख मिसूरी राज्याने, ६० लाख शहराने आणि ६० लाख शेजारच्या सेंट लुईस काउंटीने द्यायचे, असे ठरले.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबा. मंडप घातला आहे, वाजंत्री ठरली आहे आणि नवरामुलगा अजून पाहायचा आहे! अशा वधूपित्याशी वरपक्ष कोणत्या अटींवर बोलतो हे मी सांगायला नको. लॉस एंजेलिसच्या परिसरात खेळणारा रॅम्स हा संघ नव्या जागेच्या शोधात होता. १९९५ साली तो सेंट लुईसला आला. करार ३० वर्षांचा झाला, म्हणजे २०२५ पर्यंतचा. वर्तमानपत्रांत ‘तीस वर्षे’ हे शब्द मोठ्या टाइपात आले असतील. त्यातले एक कलम मात्र मोठ्या टाइपाच्या लायकीचे होते.

ते कलम असे. मैदान ‘पहिल्या श्रेणीचे’ राहिले पाहिजे. पहिली श्रेणी म्हणजे काय? लीगच्या सर्व मैदानांची एकेका बाबतीत तुलना केली असता हे मैदान वरच्या एक चतुर्थांशात बसले पाहिजे. ही तपासणी २००५ साली आणि पुन्हा २०१५ साली व्हायची. मैदान तेथे बसले नाही, तर संघाला ३० वर्षांचे बंधन उरणार नाही. करार वर्षावर्षाचा होईल आणि संघ हवा तेव्हा निघून जाऊ शकेल.

वर्गात ३२ मुले आहेत असे समजा. एका बापाने लिहून दिले की माझा मुलगा दहा वर्षांनी आणि वीस वर्षांनीही पहिल्या आठांत येईल. मुलगा अभ्यास करील, नापास होणार नाही, हे बाप सांगू शकतो. पण पहिल्या आठांत येणे हे उरलेल्या मुलांच्या अभ्यासावरही अवलंबून आहे. सेंट लुईसचे मैदान जागच्या जागी, जसेच्या तसे चांगले राहिले, तरी दुसऱ्या शहरांनी नवी मैदाने बांधली की ते आपोआप खाली घसरणार होते. आणि नवी मैदाने तर बांधली जाणारच होती, कारण प्रत्येक मालक आपल्या गावाला हाच धाक घालीत होता. म्हणजे सेंट लुईसने इतर सर्व शहरांच्या खर्चाशी स्पर्धा करण्याचे वचन २० वर्षांसाठी देऊन टाकले. हे वचन पुरे करणे त्याच्या एकट्याच्या हातातच नव्हते.

आरंभीची वर्षे आनंदात गेली. संघाचा कर्णधारासारखा खेळाडू कर्ट वॉर्नर हा पूर्वी किराणा दुकानात रात्रपाळीला माल रचून ठेवण्याचे काम करीत असे. त्याच्या खेळावर रॅम्सने जानेवारी २००० मध्ये लीगचे अजिंक्यपद मिळवले. शहर बेहोश झाले. असल्या हर्षात कोणी करारातली कलमे वाचत नाही, आणि त्यासाठी मी लोकांना दोष देत नाही. लोक संघावर प्रेम करतात ते खरे असते. त्या प्रेमाची किंमत दुसऱ्याच कोणाच्या तरी खतावणीत मांडली जाते, हे दुखणे आहे.

२००५ ची तपासणी आली. मैदान पहिल्या श्रेणीत बसत नव्हते. पुढे सुमारे ३ कोटी डॉलरच्या सुधारणांवर ते प्रकरण मिटले. २००८ साली संघाच्या मालकीणबाई जॉर्जिया फ्रंटिएर वारल्या. २०१० मध्ये स्टॅन क्रोंके हे धनाढ्य उद्योजक संघाचे संपूर्ण मालक झाले. २०१५ ची मुदत जवळ येताच २०१२ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. मैदान सांभाळणाऱ्या सार्वजनिक मंडळाने १२ कोटी ४० लाख डॉलरच्या सुधारणा देऊ केल्या. संघाने जो आराखडा पुढे केला त्याचा अंदाजी खर्च ७० कोटी डॉलर निघाला. प्रकरण तीन लवादांपुढे गेले. २०१३ च्या आरंभी त्यांनी निकाल दिला: पहिल्या श्रेणीची अट पुरी करण्यास शहराची योजना अपुरी आहे, संघाची पुरेशी आहे.

लवाद अन्यायी होते असे मला वाटत नाही. त्यांच्यापुढे कागद होता आणि कागदावर जे लिहिले होते तेच त्यांनी वाचले. न्याय हरला तो १९९५ सालीच, सही होताना. त्या मैदानाला पुन्हा ७० कोटी घालणे शहराच्या आवाक्याबाहेर होते. मंडळाने नकार दिला. करार वर्षावर्षाचा झाला. जानेवारी २०१५ मध्ये क्रोंके यांनी लॉस एंजेलिसलगतच्या इंगलवुड येथे स्वतःचे मैदान बांधण्याची योजना जाहीर केली. तेथली सुमारे ६० एकर जमीन त्यांनी आदल्याच वर्षी घेऊन ठेवली होती.

तरीही शहराने आशा सोडली नाही. नदीकाठी सुमारे ११० कोटी डॉलरच्या नव्या मैदानाचा बेत आखला गेला. नुसत्या आखणीवरच एक कोटीहून अधिक सार्वजनिक डॉलर खर्ची पडले. मैदानासाठी सार्वजनिक पैसा द्यायचा तर आधी मतदारांचा कौल घ्यावा, असा नियम शहराच्या मतदारांनी २००२ साली स्वतः मतदान करून घातला होता. २०१५ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. डिसेंबरात नगरपालिकेने आपल्या वाट्याची मदत मंजूर केली. या सगळ्यानंतर १२ जानेवारी २०१६ रोजी मालकांची सभा भरली आणि ३० विरुद्ध २ मतांनी रॅम्सला लॉस एंजेलिसला जाण्याची परवानगी मिळाली. जुन्या मैदानाचे हप्ते मात्र चालू राहिले. ज्या घरात कोणी राहत नाही त्याचे कर्ज फेडण्याची पाळी सेंट लुईसच्या करदात्यावर आणखी काही वर्षे होती. कर्जाची मुदत भाडेकरूच्या बांधिलकीपेक्षा लांब ठेवली की हेच व्हायचे.

मग शहराने कोर्टात का जाऊ नये? अमेरिकेतल्या शहरांनी कोर्टाची वाट पुष्कळदा धरली आहे. तिचे तीन फाटे आहेत.

पहिला फाटा संघच सक्तीने संपादन करण्याचा. रस्त्यासाठी जमीन घेतात तसा मोबदला देऊन संघ ताब्यात घ्यावा, असे ओकलंड शहराने रेडर्स संघाबाबत १९८० साली म्हटले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले की तत्त्वतः असे करता येईल. पण पुढे अपील न्यायालयाने ते अमान्य केले, कारण राज्याराज्यांत चालणाऱ्या व्यापारात त्याने अडथळा येतो. बाल्टिमोरच्या बाबतीत मेरीलँडच्या विधिमंडळात तसाच कायदा येत आहे असे दिसताच, २८ मार्च १९८४ च्या रात्री कोल्ट्स संघाचे सामानसुमान मालट्रकांत भरून इंडियानापोलिसला रवाना झाले. रातोरात यंत्रे हलवणारा मालक आपण ऐकून आहोत. हा त्यांचाच भाऊबंद.

दुसरा फाटा मनाईहुकमाचा. करार चालू असताना भाडेकरूने जाऊ नये, असा हुकूम मागायचा. १९९५ च्या नोव्हेंबरात क्लीव्हलँडच्या ब्राउन्स संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेण्याचे जाहीर केले. तेव्हा क्लीव्हलँडच्या मैदानाच्या कराराची तीन वर्षे बाकी होती. शहराने त्याच कलमावर बोट ठेवून दावा लावला. फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली: मालक आणि खेळाडू गेले, पण ब्राउन्स हे नाव, रंग आणि संघाचा इतिहास शहराकडे राहिला, आणि १९९९ साली त्याच नावाचा नवा संघ शहराला मिळाला. बेसबॉलमध्ये मिनेसोटाच्या न्यायालयाने २००१ साली याहून स्पष्ट हुकूम दिला: ट्विन्स संघाने पुढचा हंगाम त्याच मैदानात खेळलाच पाहिजे, नुकसानभरपाई देऊन सुटता येणार नाही. कारण त्या करारात संघाचे मुख्य कर्तव्य पैसे देण्याचे नसून तेथे खेळण्याचे होते. सेंट लुईसला हा फाटा बंद होता. त्याच्या करारानेच भाडेकरूला दार उघडून दिले होते.

तिसरा फाटा भरपाईचा. २०१७ साली शहर, काउंटी आणि मैदानाची मालकी असलेले सार्वजनिक मंडळ यांनी लीगवर आणि तिच्या सर्व ३२ संघांवर दावा लावला. आधार भाडेकराराचा नव्हता. आधार लीगच्या स्वतःच्या नियमांचा होता. रेडर्सच्या खटल्यात मार खाल्ल्यावर लीगने १९८४ साली संघ हलवण्याबाबत नियम केले होते. संघाने आपल्या गावी राहण्यासाठी आधी मनापासून, सद्भावाने प्रयत्न केले पाहिजेत, असे त्यांत आहे. ते न करता आम्हाला आशेवर ठेवून खर्चात घातले, असे वादींचे म्हणणे. खटला सेंट लुईसमधून हलवण्याची लीगची खटपट फसली. मालकांनी आपल्या मिळकतीचे हिशेब दाखवावेत असा हुकूम २०२१ मध्ये निघाला. सुनावणी जानेवारी २०२२ मध्ये ठरली. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये लीगच्या बाजूने ७९ कोटी डॉलर देऊन तंटा मिटवला. हिशेबाच्या वह्या उघडायची पाळी आली की मालक तडजोडीला येतो, हा अनुभव युनियनच्या माणसाला नवा नाही. वकिलांचा सुमारे तिसरा हिस्सा वजा जाता उरलेल्या रकमेतून २०२२ च्या वाटणीत शहराला सुमारे २५ कोटी आणि काउंटीला सुमारे १७ कोटी मिळाले. बाकीचे सभागृह आणि मैदान यांच्याकडे गेले.

हा विजय आहे, पण कसला ते नीट पाहिले पाहिजे. पैसे मिळाले, संघ गेला तो गेलाच. आणि जे मिळाले ते शहराने लिहून घेतलेल्या करारातून नव्हे, प्रतिपक्षाने स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या नियमातून मिळाले. दर वेळी प्रतिपक्ष असा उपयोगी पडत नसतो.

कायदा केला म्हणजे भागले, असेही नाही. क्लीव्हलँडच्या धड्यावरून ओहायो राज्याने १९९६ साली कायदा केला: सार्वजनिक मदत घेतलेल्या मैदानावरून जायचे असेल, तर संघाने सहा महिन्यांची नोटीस द्यावी आणि स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. २०२४ मध्ये ब्राउन्सच्या नव्या मालकांनी संघ शेजारच्या ब्रूक पार्क उपनगरात नेण्याचा बेत जाहीर केला. शहराने या कायद्याचा आधार घेतला. २०२५ साली राज्याने कायदाच बदलला: तो राज्याबाहेर जाणाऱ्या संघांपुरताच राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात शहराने १० कोटी डॉलरच्या मोबदल्यात तडजोड पत्करली. कायदा हे कुंपण खरे. पण कुंपणाची राखण करणारे जागे हवेत.

आता एक प्रश्न मोकळ्या मनाने विचारला पाहिजे. मैदानाने गावाचा धंदा वाढतो, रोजगार वाढतो, हे म्हणणे खोटे आहे काय? अर्थशास्त्रज्ञ नोल आणि झिंबालिस्ट यांनी १९९७ साली संपादित केलेल्या ग्रंथात याचा हिशेब तपासला आहे. निष्कर्ष शहरांच्या आशेला प्रतिकूल आहे. कारण समजायला सोपे आहे. वर्षाला संघाचे घरचे सामने जेमतेम दहा. मैदानात खर्च होणारा पैसा बहुतांशी त्याच गावकऱ्यांच्या खिशातला. मैदान नसते तर तो सिनेमाला, खाणावळीला, दुसऱ्या करमणुकीला गेला असता. तिकीट फाडणारा, खाद्यपदार्थ विकणारा, झाडलोट करणारा यांना मिळते ते दिवसाच्या हजेरीचे काम. संघ गेला की त्यांची हजेरी प्रथम बुडते आणि तडजोडीच्या टेबलाशी त्यांना खुर्ची नसते.

ज्या एका अपवादाचा मी आरंभी उल्लेख केला तो विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या लहानशा गावाचा. वस्ती लाखाच्या आसपास. तेथला पॅकर्स संघ १९२३ पासून भागधारकांच्या मालकीचा आहे. आज हे भागधारक पाच लाखांहून अधिक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही आणि कोणा एकाला सगळा संघ गिळता येत नाही. म्हणून मोठमोठ्या शहरांतून संघ उठून गेले तरी हा येथेच राहिला. त्या गावालाही मैदानाच्या नूतनीकरणासाठी २००० साली जनतेचा कौल घेऊन विक्रीकर लावावा लागला, हे खरे. पण ‘जातो’ अशी धमकी द्यायला तेथे कोणी मालक नव्हता. लीगने पुढे नियम करून असली मालकी इतर संघांना बंद केली, यावरून तिचे महत्त्व कळावे.

मग ज्या शहराला खासगी मालकाशीच व्यवहार करायचा आहे त्याने काय करावे? मी चार गोष्टी सांगेन. भाडेकरू हातात नसताना घर बांधू नये. कर्ज फिटेपर्यंत भाडेकरू बांधलेला असावा, आणि तो आधी गेलाच तर उरलेले कर्ज त्याने फेडावे. भाडे देणे एवढेच नव्हे, तर तेथे खेळणे हे कर्तव्य म्हणून लिहून घ्यावे, म्हणजे कोर्टाला हुकूम देता येईल. आणि शहराची जबाबदारी मोजता येईल अशा शब्दांत लिहावी: छप्पर गळू नये, आसने मोडकी नसावीत, दिवे लागावेत. ‘इतरांच्या तुलनेत उत्तम’ असले शब्द करारात दिसले की पेन खाली ठेवावे, कारण इतर काय करतील ते आपल्या हातात नसते.

पाचवी गोष्ट या चारही गोष्टींच्या मुळाशी आहे. वाटाघाटीला बसणाऱ्याच्या अंगी ‘नको’ म्हणून उठून येण्याची ताकद असावी लागते. संपाची तयारी नसलेल्या युनियनला पगारवाढ मिळत नाही, आणि संघावाचून आपली अब्रू जाते असे मानणाऱ्या शहराला चांगला करार मिळत नाही. सेंट लुईसच्या पुढाऱ्यांनी २०१३ मध्ये ७० कोटींना नकार दिला तेव्हा ती ताकद दाखवली. १९९५ सालच्या त्या कलमालाही कोणी तसाच नकार दिला असता, तर पुढची सारी हकीकत मला आपल्याला सांगावी लागली नसती.